पऱ्हाटीची शेकोटी

त्या हिवाळ्यात मला कुठेही झोप लागायची. शाळेच्या स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकलं की लागायची. यवतमाळच्या एसटीत दांड्याला धरून उभ्या-उभ्या लागायची. एकदा वांग्याची भाजी फोडणीला टाकून ओट्याला टेकले आणि करपल्याच्या वासानं जागी झाले. फक्त अंथरुणावर पडलं की यायची नाही. शेजारच्या पलंगावरचा श्वास ऐकत मी पडून राहायचे.

त्या पलंगावर मिस्त्री. म्हणजे माझा नवरा. घाटंजीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तेच म्हणत आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. घाटंजीतली अर्धी फाटकं आणि खिडक्यांचे गज त्यांच्या हातचे. त्यांच्या एकाही शर्टाला धड बाही नव्हती. ठिणग्या उडून बारीक बारीक भोकं पडलेली. मी चिडायचे, ते हसायचे. पावसाळ्यात एका दुपारी दुकानात स्टुलावर बसल्या-बसल्या त्यांच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर गळून पडला, आणि तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. लकवा. बोलणंही गेलं, मग थोडं थोडं परत आलं, पण एखादं दार गंजावं तसं. शब्द अडायचा, जोर लावायचे, कधी निघायचा, कधी नाही.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळे येऊन गेले. नातेवाईक आले, विहारातली मंडळी आली, शाळेतल्या बाया आल्या. मग हळूहळू ज्याचं त्याचं काम सुरू झालं आणि आम्ही दोघं उरलो. मुलगी नागपूरला नोकरीला. ती महिन्याकाठी यायची, आल्यावर खूप करायची, आणि गेली की घर आणखी रिकामं वाटायचं.

माझं दिवसाचं गणित साधं होतं. उजाडायच्या आधी उठायचं, त्यांना उठवायचं, संडासला न्यायचं, आंघोळ घालायची, उजव्या हातापायाला तेल चोळायचं, तो हात वर-खाली करायचा, चहात बुडवून टोस्ट भरवायचा, डबा करायचा, शाळेत जायचं. दुपारपर्यंत शेजारच्या काकू मधून मधून डोकावायच्या. आल्यावर पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. मी कोणाजवळ रडले नाही. रडायलाही थोडी ताकद लागते, आणि ती मी उद्यासाठी ठेवत होते.

मिस्त्री तापट झाले नव्हते. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते नुसते थांबले होते. पंख्याकडे बघत पडायचे. व्यायाम करू म्हटलं की ‘नाई’. बाहेर खुर्चीत बसू म्हटलं की ‘नाई’. तेवढा एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून स्वच्छ निघायचा.

मुलगी सुटीत आली होती तेव्हा तिची एक लहानशी पिशवी घरी राहून गेली. ती मैत्रिणींबरोबर डोंगरांवर भटकायला जाते. त्या भटकंतीचं सामान त्यात होतं. दोरीचं भेंडोळं, डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक विचित्र वस्तू: बोटाएवढी काळी सळई, तिला दोरीनं बांधलेली दातेरी पोलादी पट्टी. मी शाळेतून आले तर मिस्त्रींनी डाव्या हातानं पिशवी पलंगावर उपडी केली होती आणि ती सळई डोळ्यांजवळ धरून पाहत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना कशाकडे तरी बघताना मी पाहिलं.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, ती चकमक आहे. पट्टीनं घासली की ठिणग्या पडतात. काडीपेटी भिजली तरी विस्तव करता येतो. राहू दे बाबांजवळ, मी दुसरी घेईन.”

बस्स. त्या दिवसापासून ती वस्तू त्यांच्या उशाशी. सळई उजव्या मुठीत खोचायची, पण मूठ धरायची नाही, सळई निसटायची. मांडीखाली दाबायचे, दातात धरायचे. पट्टी डाव्या हातात. आधी नुसती काळी भुकटी पडली, कारण नव्या सळईवर रंगाचा थर असतो. तो थर निघाला आणि एका संध्याकाळी मी भात लावत असताना आतून चर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. धावत गेले. चादरीला रुपयाएवढं भोक, कडा लाल. मी तळहातानं ती विझवली आणि ती सळई-पट्टी काढून कपाटावर टाकली.

“घर पेटवता का आता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. मग एक-एक शब्द ढकलत म्हणाले, “माझं... हाये थे. दे.”

चार महिन्यांत त्यांनी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल. मला राग आला. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले.

“घरात नाही देत,” मी म्हणाले. “बाहेर कुठं करायचं तर करा.”

“वावरात,” ते म्हणाले.

आमचं थोडं वावर गावाबाहेर नाल्याच्या कडेला आहे. बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलेलं असतं. मी विषय टाळला, पण ते टाळू देईनात. जेवताना ‘वावरात’, तेल लावताना ‘वावरात’. शेवटी रविवारी नेते म्हणून कबूल केलं. रविवारची दुपार ही माझी आठवड्यातली एकच झोपेची जागा होती. तीही गेली असं मनात आलं, पण नाही म्हणत वाद घालण्यापेक्षा जाऊन येणं कमी कष्टाचं होतं.

पलीकडच्या मोहल्ल्यातला एक ऑटोवाला मिस्त्रींचा जुना दोस्त. त्याच्या ऑटोचा सांगाडा कितीदा तरी मिस्त्रींनीच जोडून दिलेला. त्यानं जेवणं झाल्यावर ऑटो दारात आणला. एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि मिस्त्रींना आत बसवलं. प्लास्टिकची खुर्ची टपावर बांधली. मी पिशवीत पाण्याची बाटली, शाल, टॉवेल घेतला आणि मेणबत्ती लावायच्या कोनाड्यातली काडीपेटी उचलली. मिस्त्रींनी ते पाहिलं.

“काडी नोको,” ते म्हणाले. “हे हाये.”

मी काडीपेटी परत ठेवली. म्हटलं नव्हतं का, वाद घालायचा कंटाळा.

वावर तेव्हा मोकळं होत आलं होतं. कापूस वेचून झालेला, अर्ध्या भागातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून धुऱ्याच्या बांधावर रचलेली, उरलेली वाळून उभी. तिच्यावर कुठं कुठं राहून गेलेली बोंडं, पांढरी कमी आणि धुळकट जास्त. पलीकडे नाला, त्याच्या काठाला मोहाचं झाड, आणि मागं सागाच्या टेकड्या. बटईवाले नवरा-बायको लग्नाला गेले होते. वावरात चिटपाखरू नव्हतं. धुऱ्याजवळच्या सपाट जागेवर खुर्ची मांडून ऑटोवाल्यानं मिस्त्रींना बसवलं आणि म्हणाला, “भाभी, दिवस बुडायच्या आधी येतो. एक सवारी सोडतो पारव्याला, अन् लगेच आलो.”

तो गेला आणि एकदम शांत झालं. मला वाटलं, मिस्त्री थोडा वेळ खेळतील, कंटाळतील, मग मी त्यांना बोंडं दाखवीन, पाणी पाजीन, आणि ऑटो येईल.

ते कंटाळले नाहीत. मला हातानं खुणा करून पालापाचोळा आणायला लावला. मी सागाची वाळकी पानं आणली, बारीक काड्या आणल्या, त्यांच्या पायाशी ढीग केला. ते खुर्चीतून वाकायचे, सळई दोन गुडघ्यांत धरायचे आणि पट्टी ओढायचे. ठिणग्या पडायच्या, चांगल्या पांढऱ्या, पण खुर्चीपासून जमिनीपर्यंत जाता जाता विझायच्या. सळई सुटायची, मी उचलून द्यायची. पुन्हा सुटायची. पुन्हा. मी वाकून वाकून उचलत राहिले. माझी कंबर तेव्हा ठणकायला लागली होती. मोठ्या माणसाला रोज उचलून कंबर जाते.

दिवस कलायला लागला. टेकडीची सावली नाल्यावरून वावरात आली आणि तिच्याबरोबर थंडी. आमच्याकडची थंडी अशीच असते, दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि ऊन गेलं की जमिनीतून गारवा पायात चढतो. ऑटोचा पत्ता नव्हता. नाल्याकडच्या खोलगट भागात फोनला रेंज नाही, म्हणून मी धुऱ्यावर चढले. फोन लावला, तर त्याचा बंद. पुन्हा लावला, बंदच. रस्त्याकडे पाहिलं. एक बैलबंडी लांबून गावाकडे वळली, माझी हाक तिच्यापर्यंत पोचली नाही.

परत आले तर मिस्त्रींचे ओठ निळसर झाले होते. शाल गुंडाळली. उजवा हात बर्फासारखा. त्या हातात रक्त तसंही कमीच फिरतं, थंडीत तो लाकूड होतो. आणि अंधार पडला की नाल्यातून रानडुकरं वर येतात हे मला माहीत होतं. आता मात्र विस्तव पाहिजेच होता. आणि काडीपेटी घरी, कोनाड्यात.

मी त्यांच्या हातातून सळई-पट्टी घेतली आणि खाली बसून घासायला लागले. मला जमेना. पट्टी सटकली, माझ्या अंगठ्याची साल निघाली. ठिणगी पडली तर पानावर पडून काळी होऊन गेली. मिस्त्री वरून सांगत होते, “असं नाई... नाई... उलटं...” त्यांना शब्द सापडत नव्हता, आणि तो सापडेपर्यंत मी वर मान करून बसायचे. ‘उलटं’ म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी चिडून डावा पाय आपटला. ढीग विस्कटला.

आणि माझ्यातलं काहीतरी संपलं.

“मी दमली, मिस्त्री,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “दमली मी. पहाटपासून तुमचंच करून राह्यली. शाळा करून राह्यली, घर करून राह्यली. एक रविवार होता मले, थो बी इथं आणला तुमी. कायले? हे खेळणं खेळाले? मले नाही पायजे तुमची आग. मले काहीच नाही पायजे.”

ते माझ्याकडे बघत राहिले, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली होती. रोज मी ती पुसायची. त्या वेळी पुसली नाही. सळई-पट्टी त्यांच्या मांडीवर टाकली आणि मोहाच्या झाडाकडे चालत गेले. बुंध्याला पाठ टेकून बसले, गुडघ्यांत डोकं घातलं. ऑटो आला की दिसेल, म्हटलं. नाही आला तर नाही आला.

आणि मला झोप लागली. तशा थंडीत, तशा वेळी. फार नसेल लागली, कारण जागी झाले तेव्हा आभाळाच्या कडेला अजून थोडा तांबूस उजेड होता.

जागी झाले ती एका आवाजानं. खर्र. मग थांबून, खर्र. मी मान वर करून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. खुर्चीच्या पलीकडे, मातीत, मिस्त्री आडवे. एक चप्पल लांब पडलेली, शाल खाली लोळत. माझ्या डोळ्यांपुढे दुकानातलं ते स्टूल आलं.

“पडले? कुठं लागलं? डोक्याले लागलं का?”

त्यांनी मान हलवली. तोंडाला माती लागलेली, श्वास जोरात चाललेला. “पडलो नाई,” ते म्हणाले. “उतरलो.”

मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. पावसाळ्यापासून हा माणूस माझ्या हाताशिवाय पलंगावरून हलला नव्हता. कूस बदलायची तरी मला उठवायचा. आणि आता खुर्चीतून घसरत, एका कोपरावर अंग ओढत तो जमिनीवर उतरला होता, कारण वरून ठिणगी खाली पोचत नव्हती. त्याच्या पुढ्यात पालापाचोळा पुन्हा गोळा केलेला होता. आणि त्या पाल्यावर कापूस होता. हात पोचेल तेवढ्या पऱ्हाटीवरची राहिलेली बोंडं त्यानं ओरबाडून आणली होती. डाव्या हाताची बोटं बोंडाच्या टोकांनी खरचटली होती.

“कापूस,” ते म्हणाले. जणू मी विचारलं होतं.

तरी पेटलं नव्हतं. सळईचं एक टोक जमिनीत खुपसून ते पट्टी ओढत होते, पण सळई डळमळायची आणि ढीग उधळायचा. मी पाहिलं. रागावण्याइतकीही ताकद नव्हती माझ्यात, पण उठून पुन्हा झाडाकडे जाण्याइतकीही नव्हती. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांच्याशेजारी मातीत बसले.

“सांगा,” मी म्हणाले. “हळू सांगा. मी थांबते.”

त्यांनी डोळे मिटले, शब्द शोधला. मग म्हणाले, “पट्टी... नाई हलवाची. सळई... मागं. मागं ओढ.”

आता मला ‘उलटं’ कळलं. पट्टी एका जागी ठेवायची, कापसाच्या अगदी जवळ, आणि सळई आपल्याकडे ओढायची. म्हणजे ढीग उधळत नाही आणि ठिणग्या तिथंच पडतात. पण पट्टी एका जागी दाबून धरायची म्हणजे जोर लागतो, आणि माझी बोटं थंडीनं आखडली होती. तिथं एक पऱ्हाटीचं जाड बुड पडलं होतं. मी ते ढिगाला लावून ठेवलं, पट्टी त्याच्यावर टेकवली. पट्टी सरकायला लागली. तेव्हा मिस्त्रींनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि त्या पट्टीवर ठेवून दिला. जड, निर्जीव, थंड हात. तो जिथं ठेवला तिथं राहतो, हीच त्याची रोजची अडचण. पट्टी जागची हलेना.

“ओढ,” ते म्हणाले.

मी ओढली. ठिणग्या कापसावर पडल्या आणि विझल्या. कापूस बोंडात बसलेला तसाच घट्ट होता. मी सरकी काढून तो पिंजला, बोटांनी मोकळा केला, धुरासारखा विरळ होईपर्यंत. पुन्हा ओढली. पांढरा झोत पडला आणि कापूस एकदम भपकन पेटला. मी ओरडलेच. घाईनं त्यावर काड्या टाकल्या आणि तो गुदमरून गेला. काळा ठिपका आणि धूर.

मला वाटलं आता मिस्त्री ‘नाई’ म्हणतील. त्यांनी हात पट्टीवरून हलवला नाही.

“अजून बोंडं आण,” ते म्हणाले.

मी उठून उभ्या पऱ्हाटीत शिरले. संधिप्रकाशात पांढरं दिसेल तिकडे हात घालत ओटी भरली. या वेळी आम्ही घाई केली नाही. कापूस पिंजून त्याचं घरटं केलं, त्याच्या वर कुसळी गवताची चूड, मग सागाची पानं हातात चुरून, मग पऱ्हाटीच्या अगदी बारीक काटक्या, वाऱ्याच्या बाजूला मी माझी पाठ केली. त्यांनी हात ठेवला. मी सळई ओढली. एकदा, दोनदा, मग जोरात. कापूस पेटला, गवत पेटलं, पानांचा धूर झाला, मी खाली वाकून फुंकर घातली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि काटक्यांनी तड् तड् असा आवाज करत जाळ धरला.

पऱ्हाटी एकदा धरली की मग विचारायचं काम नाही. धुऱ्यावरच्या ढिगातून मी ओढून आणत गेले आणि जाळ कमरेएवढा झाला. मिस्त्रींना मागून धरून बसतं केलं, खुर्ची आडवी करून त्यांच्या पाठीला लावली, शाल झटकून पांघरली. त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन जाळासमोर धरला. हळूहळू त्याच्यात ऊब आली. त्यांना ती कळत होती की नाही, मी विचारलं नाही.

नाल्यात एक टिटवी ओरडून गेली. जाळ खाली बसला की मी एक पऱ्हाटी टाकायची. पाचव्या-सहाव्या खेपेला माझं डोकं पुढे झुकलं आणि मी दचकून सावरले.

“झोप तू,” मिस्त्री म्हणाले.

“ऑटो येईल आता.”

“झोप. मी पाह्यतो.”

त्यांनी डाव्या हातानं पऱ्हाटीचा भारा आपल्याकडे ओढून घेतला. एक काडी उचलली, जाळात ठेवली. टाकली नाही, ठेवली, नीट, जिथं जाळ कमी होता तिथं. मग दुसरी. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग पिशवी डोक्याखाली घेतली आणि त्यांच्या मांडीला टेकून मातीतच आडवी झाले. पावसाळ्यापासून रोज झोपताना माझा एक कान जागा असायचा. त्यांना पाणी लागेल, ते घसरतील, श्वास चुकेल. त्या दिवशी कोणीतरी जागं होतं आणि ते मी नव्हते. एवढंच. अंगाला एका बाजूनं धग, दुसऱ्या बाजूनं गारवा, आणि वर काड्या मोडल्याचा आवाज. मी झोपले.

जागी झाले ती ऑटोच्या दिव्यानं. ऑटोवाला हात जोडतच उतरला. परतताना वाटेत क्लचची वायर तुटली, फोनची बॅटरी संपली, कोणाच्या तरी दुचाकीवर जाऊन वायर आणली, बसवली, आणि धावत आला. बिचारा खरोखर घाबरला होता. जाळ पाहून मात्र तो थबकला.

“अरे वा मिस्त्री! मी तिकडे रडून राह्यलो, अन् तुमची इकडे पार्टी चालू!”

मिस्त्रींनी त्याला सळई दाखवली. त्यानं उलटी-सुलटी करून पाहिली, एक-दोनदा घासली, ठिणगी पडल्यावर लहान पोरासारखा हसला. मग आम्ही दोघांनी मिळून मिस्त्रींना उचललं. मी निखाऱ्यांवर माती लोटली, बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं आणि खुर्ची टपावर चढवली.

घरी आल्यावर गरम पाण्यानं त्यांचे पाय धुतले. पायाच्या बोटांत काळी माती घट्ट बसली होती. ती काढताना मला त्यांच्या डाव्या कोपराला मोठं खरचटलेलं दिसलं. हळद लावली. जेवताना त्यांनी एकदम विचारलं, “शाळेत... काय चालू हाये?”

मी घास हातात धरून थांबले. मग सांगितलं. नववीच्या पोरींना निबंध लिहायला दिला तर सगळ्यांनी एकसारखाच लिहिला, हेडमास्तर नवीन टाइमटेबल घेऊन माझ्या मागं लागलेत, छपराचं पाणी अजून तसंच गळतं. फार काही नव्हतं. ते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी हात पुढे करून तो मागून घेतला. पलीकडे ती काय काय विचारत होती. त्यांचे ओठ हलत राहिले, मग म्हणाले, “तुही माय... दमली. बाई पाह्य कोणी. सकाळची.”

मुलीनं मला विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, याआधी म्हणालेही होते. या वेळी मला कोणी विचारलंच नाही. आठवड्याभरात गावातल्याच एका बाईनं यायला सुरुवात केली. ती सकाळी त्यांना आंघोळ घालते, हातापायाला तेल लावते, व्यायाम करून घेते. तिच्या हाताला जोर आहे आणि तोंडालाही. मिस्त्री तिला ‘नाई’ म्हणतात, ती ऐकत नाही.

त्यांचा उजवा हात अजून तसाच आहे. बोलणं थोडं सुधारलं, फार नाही. दुकानाचं शटर बंदच आहे. दमणं माझं संपलेलं नाही; ते आता माझ्याबरोबर राहायलाच आलंय असं वाटतं. पण अधूनमधून रविवारी आम्ही वावरात जातो. कधी वारा असतो आणि काही पेटत नाही, कधी दवानं सगळं ओलं असतं. तेव्हा तसेच परत येतो. पेटलं तर बसतो. मिस्त्री जाळ सांभाळतात, मी शाल अंथरून आडवी होते, आणि ऑटोवाला आता कुठंही सवारी न घेता, धुऱ्यावर बसून बिडी ओढत थांबतो.